मेण लावलेला डबा

३ ऑगस्ट

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्यात आईची दोन वाक्यं होती आणि तुझं एक. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांना शब्द मोजून मिळतात का? पुढच्या वेळी पानभर लिहायचं. मी मात्र दोन कागद पाठवते आहे. पहिला आईला मोठ्याने वाचून दाखव, दुसरा तुझ्यापुरता.

आई, मुलगी द्राक्षांच्या कंपनीत आहे असं तू शेजारणींना सांगतेस, ते काही खोटं नाही. द्राक्षंच असतात, फक्त बाटलीत वर्षानुवर्षं बसून शहाणी झालेली. मालक महिन्यातून दोनदा दुकानामागच्या दालनात वीस-पंचवीस गिऱ्हाइकं बोलावतात, त्यांना सात-आठ वाइन चाखायला देतात आणि जी आवडेल तिच्या पेट्या विकतात. गिऱ्हाइकं दालनात, पांढऱ्या चादरी घातलेल्या टेबलांशी. मी आणि ग्लास धुणाऱ्या मावशी मागच्या खोलीत. ग्लासला साबण लावायचा नाही, नुसतं कढत पाणी. पुसायची फडकीसुद्धा साबणाशिवाय उकळायची. कपाटात ठेवलेल्या ग्लासला लाकडाचा वास धरतो, म्हणून प्रत्येक ग्लास मी हुंगून बाहेर पाठवते. पावणेदोनशे ग्लास. लोक घोट तोंडात घोळवून पिकदाणीत थुंकतात, तीही मीच रिकामी करते. तू इस्पितळाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं चादरींना इस्त्री केलीस, तुला यात काही नवल वाटणार नाही.

माझं खरं काम बाटल्यांचं. दोन तास आधी उघडायच्या आणि एकेक हुंगायची. कधीकधी बूच नासलेलं असतं, मग आतल्या वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. ती बाटली बाजूला. मालकांचं वय झालं, त्यांचं नाक दुपारनंतर दमतं, म्हणून ते माझ्या नाकावर विसंबतात. हे नाक तुझ्याकडून आलंय. कापड जळायच्या आधीच तुला वास यायचा.

या कामापायी मी सुवासिक तेल, पावडर, साबण सगळं सोडलं. मागच्या वेळी तू मला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, तुझ्या अंगाला कसलाच वास नाही गं, परक्या घरची वाटतेस. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

ठोंब्या, आता तुझ्यासाठी. १४ ऑक्टोबरला वर्षातली सगळ्यात मोठी बैठक आहे. त्या दिवशी मालक मला दालनात, त्यांच्या शेजारी उभी करणार आहेत. ती नीट पार पडली तर मी दुकानाची मुख्य चाखणारी होईन, आणि त्या जागेबरोबर दुकानावरच्या दोन खोल्या मिळतात. मोठ्या खिडक्या, कोरडी हवा. आईला इकडे आणायचं. तुझ्या त्या एका खोलीत मशीनच्या तेलात आणि धुळीत तिचा खोकला कसा बरा होणार? तिला इतक्यात सांगू नकोस, उगाच आस लागेल.

गिऱ्हाइकांना देतो तो एक तक्ता गंमत म्हणून पाठवते आहे. रंग, पहिला वास, पेला फिरवल्यावरचा वास, चव, दोष, शेवटी काय उरतं, असे रकाने आहेत. एक मी नमुन्याला भरलाय, दुसरा तू भरून बघ.

तुझी ताई


१२ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

पानभर लिही म्हणालीस, लिहितो. पण हा तक्ता म्हणजे कमाल आहे. तू नमुन्याला भरून पाठवलायस त्यात लिहिलंय, ओल्या दगडाचा वास. दगड कोण हुंगतं ताई? पुढे जुनं चामडं, मग पेन्सिलीचं टोक. पैसे देऊन लोक पेन्सिली पितात होय. मी आपला चहाचा तक्ता भरला. रंग: चहाचा. पहिला वास: चहा. फिरवल्यावर: शर्टावर सांडला. दोष: साखर कमी. शेवटी काय उरतं: कप. आईला वाचून दाखवला तर हसता हसता खोकला लागला तिला. खोकला तसा बरा आहे. बाम चोळते, लवंग गालात धरते, आणि तू दिलेला तपकिरी स्वेटर दिवसरात्र अंगात असतो.

तुझं पत्र आलं की आई ते आधी हातात घेते आणि हुंगते. मग माझ्याकडे देते वाचायला. म्हणते, नुसता कागदाचा वास येतो, पोरीचा येत नाही. तिचा तुला एक प्रश्न आहे. लवंगांचा डबा महिन्याभरात वास टाकतो, मग तुमच्या बाटलीत वीस-वीस वर्षं वास टिकतो कसा? खरं म्हणजे मलाही तो प्रश्न पडला, पण तिच्या नावावर खपवतो आहे.

खोल्यांचं मी बोललो नाही. पण तिला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, तुला माहीत आहे. काल म्हणाली, ताई काहीतरी शिजवतेय. मी म्हटलं तिला कुठलं शिजवता येतंय.

ठोंब्या


२ सप्टेंबर

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

आईच्या (आणि तुझ्या) प्रश्नाचं उत्तर सोबतच्या छोट्या कागदावर आहे, तेवढंच तिला वाच. वास हवेनं उडतो. म्हणून बूच घट्ट हवं, आणि फार जुन्या बाटल्यांना बुचावरून मेण ओततात. मेण शाबूत तोवर वास आत. एकदा उघडलं की मात्र तो दोन-तीनदाच नीट मिळतो, मग चालला.

आता हे फक्त तुझ्यासाठी. मला वास येईनासा झालाय.

तीन आठवड्यांपूर्वी सर्दी झाली. सर्दी गेली, आणि जाताना वास घेऊन गेली. कळलं तेही दुसऱ्याकडून. मागच्या खोलीत शेगडीवर दूध करपत होतं, मी तिथेच दोन हातांवर उभी होते, आणि मावशी अंगणातून धावत आल्या. मी त्यांना म्हटलं, लक्ष नव्हतं. रात्री घरी कांदा, व्हिनेगर, रॉकेल, सगळं नाकाशी धरून पाहिलं. रॉकेलने डोळ्यांत पाणी आलं, वास नाही.

मालकांना सांगितलं नाही. बुचाची खालची बाजू बघून अंदाज करते. शंका आली तर मावशींना म्हणते, बघा बरं ही कशी वाटते. त्या म्हणतात, दारूसारखी. मागच्या बैठकीत नशिबाने एकही बाटली नासकी नव्हती. पण प्रत्येक बाटली बाहेर जाते तेव्हा मी दाराआडून गिऱ्हाइकांची तोंडं बघत राहते. तुझ्याजवळ बोलले तेवढंच हलकं वाटलं. आईला कळू देऊ नकोस.

ताई


११ सप्टेंबर

ती. ताईस नमस्कार.

मालकांना सांग. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, तुझं तर नाक बंद झालं तरी तोंड उघडत नाही. इतकी वर्षं त्यांच्याकडे आहेस, ते काय खाणार आहेत तुला? रजा घे आणि सरळ इकडे ये. चार दिवसांचा प्रवास, महिनाभर राहा, आईजवळ बस. वास काय, येईल परत. नाही आला तर शिलाई मशीनला नाक लागत नाही, माझ्याकडे काम शीक.

आई रोज विचारते, ताई कधी येणार. हल्ली तीन उशा लावून बसूनच झोपते. तसंच बरं वाटतं म्हणते. तू आलीस तर तिला फार बरं वाटेल. मला पण वाटेल.

छोट्या कागदावरची मेणाची गोष्ट आईला फार आवडली. लवंगांच्या डब्याला मेणबत्तीचं मेण लावून ठेवलंय तिने. आता लवंग हवी असली की मला ते खरवडून काढावं लागतं.

ठोंब्या


२४ सप्टेंबर

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

आईलाही वाचून दाखव, आज एकच कागद आहे. माझी तब्येत उत्तम आहे. ठोंब्या, तुला ज्याची काळजी होती ते चार दिवसांपूर्वी आपोआप ठीक झालं, सकाळी उठले आणि झालं. तेव्हा येण्याचं काही कारण नाही. १४ तारखेची तयारी जोरात आहे. पाहुण्यांसाठी आठ वाइन निवडल्यात, दोनशे ग्लास. कढत पाण्याने हातांना भेगा पडल्या होत्या, मावशींनी साबणाची एक वडी दिली, घरी सकाळ-संध्याकाळ तिने हात धुते, आता बऱ्या होताहेत.

आई, आता तुला सांगूनच टाकते. वर दोन खोल्या आहेत. एक तुझी. खिडकीशी पलंग टाकून ठेवीन. १४ तारीख पार पडली की लगेच ठोंब्या तुला घेऊन येईल. त्यालाही इकडेच राहू दे, मशीन सगळीकडेच बिघडतात.

ठोंब्या, १४ पर्यंत मला काही कळवू नकोस, बरं असो की नसो. डोकं ठिकाणावर ठेवायचंय. एवढं एकच पार पडू दे.

ताई


६ ऑक्टोबर

ती. ताईस नमस्कार.

कळवू नकोस म्हणालीस तरी चार ओळी. आई बरी आहे. झोपते जास्त. खोल्यांचं ऐकून खूश झाली, शेजारणींना सांगून झालं. तिने एवढंच विचारायला सांगितलंय की जिन्याला पायऱ्या किती आहेत.

तुझं काम नीट होऊ दे.

ठोंब्या


१६ ऑक्टोबर

चि. ठोंब्या,

खोल्या मिळाल्या. आईला घेऊन ये.

बैठक कशी झाली ते भेटीत सांगेन, सांगण्यासारखं बरंच आहे, सगळंच काही चांगलं नाही. पण मालकांनी शब्द पाळला. काल किल्ली हातात दिली. मी आणि मावशींनी मिळून खोल्या धुतल्या. पलंग खिडकीशी लावलाय. समोर एक झाड आहे, त्याचं नाव मावशींनाही माहीत नाही, आई सांगेल.

आई, पायऱ्या अठरा आहेत. नवव्या पायरीवर वळण आहे आणि तिथे टेकायला जागा आहे. मी तिथे एक स्टूल ठेवलंय. नऊ चढायच्या, बसायचं, दम खायचा, मग नऊ. मी हात धरीन. घाई नाही.

निघण्याआधी कोणत्या दिवशी पोचाल ते लिही. येताना सामान फार आणू नका. तिचा स्वेटर मात्र आण, इथे सकाळी गारठा असतो.

ताई


१७ ऑक्टोबर

ताई,

बसून वाच.

आई ११ तारखेला सकाळी गेली. मी पाणी तापवत होतो. हाक मारली नाही तिने. वळून पाहिलं तर उशांना टेकून तशीच बसलेली होती, आणि नव्हती.

मी तुला खोटं लिहीत होतो. ऑगस्टपासूनच तिला दम लागायचा. सप्टेंबरात डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फार दिवस धरू नका. मी ये म्हणालो ते त्यासाठी. पण ते स्पष्ट लिहिलं नाही, कारण तुझ्या नाकाची तुलाच चिंता होती. मग तू लिहिलंस की सगळं ठीक झालं, १४ तारीख पार पडू दे. आईला विचारलं, बोलावू का. म्हणाली, नको, तिला ते काम फार हवंय, मध्येच हाक मारू नकोस, मी थांबते तोवर. तीन दिवस कमी पडले.

त्या दिवशी तार करायला पोस्टात गेलो होतो. फॉर्म भरला. तुझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग वाटलं, चार दिवसांच्या प्रवासात तू काही पोचणार नाहीस, आणि १४ तारखेला हा कागद हातात घेऊन तू दालनात उभी राहशील. आई गेलीच आहे, निदान ताईचं तरी होऊ दे. फॉर्म फाडला. बाहेर आलो आणि रस्त्यावर खूप वेळ उभा राहिलो. मी बरोबर केलं का चुकलो, मला माहीत नाही. तुला राग आला तर तो माझ्यावर काढ, तो तुझा हक्कच आहे.

एक केलंय. तिचा तपकिरी स्वेटर शेवटच्या दिवसापर्यंत अंगात होता. कुणी धुवायला नेण्याआधी काढून घेतला, जसा होता तसा घडी केला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातला, आणि झाकणाच्या कडेने मेण ओतलं. तूच लिहिलं होतंस, मेण शाबूत तोवर वास आत. मी अजून त्यात नाक घातलेलं नाही. तुझं नाक आईचं आहे, तो तुझ्यासाठी आहे. वेगळ्या पार्सलने पाठवतो आहे. एकटी असताना उघड. दोन-तीनदाच मिळेल.

ठोंब्या


५ नोव्हेंबर

चि. ठोंब्या,

तुझं पत्र २४ तारखेला मिळालं, डबा परवा. तुझ्यावर मला राग नाही. तो काढायला माझ्याकडे तोंडच उरलेलं नाही, हे वाचून तुला कळेल.

मला वास येत नाही. आलाच नव्हता. सप्टेंबरात मी तुला खोटं लिहिलं. तू ये-ये म्हणत राहिलास आणि मी आले असते तर ती जागा दुसऱ्या कुणाला गेली असती, खोल्या गेल्या असत्या. मला वाटलं, आईसाठीच करते आहे. तुला तेव्हा खरं लिहिलं असतं तर तूही मला खरं लिहिलं असतंस, आणि मी निघाले असते. हे मी दिवसातून दहा वेळा मोजते. २४ सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर, सतरा दिवस. त्यातले चार प्रवासाचे.

१४ तारखेला काय झालं ते ऐक. मी मालकांशेजारी उभी होते. गिऱ्हाइकं चाखत होती, तक्ते भरत होती. मालक मध्येच एकदा म्हणाले, कुणीतरी अत्तर लावून आलंय, खिडकी उघडा. मीच उघडली. एक निवृत्त न्यायाधीश आले होते, ते आधी ग्लास हुंगत होते आणि मग स्वतःची बोटं हुंगत होते. संध्याकाळी मालक तक्ते वाचायला बसले. आठही वाइनना, जवळजवळ सगळ्यांनी, गुलाबाची छटा असं लिहिलं होतं. लोक फार खूश होते. यंदाचं वर्ष गुलाबाचं, असं एकाने लिहिलं होतं. मालकांनी तक्ते खाली ठेवले, मला जवळ बोलावलं आणि माझे दोन्ही हात नाकाशी नेले. मग विचारलं, "कधीपासून, बाई?"

ती मावशींची साबणाची वडी. मी विचारलं होतं, तर साधीच आहे म्हणाल्या. त्यांच्या लेखी गुलाब म्हणजे साधंच. महिनाभर मी तिने हात धूत होते आणि त्याच हातांनी दोनशे ग्लास पुसले. अत्तर लावून आलेल्यांना दारातून परत पाठवणारी मी.

मालक रागावले नाहीत. म्हणाले, "आधी बोलला असतात तर महिनाभर घरी पाठवलं असतं. नाकाला विश्रांती लागते. पुढे उभं राहणं आता नको, पण खोल्यांचा मी शब्द दिलाय, आईंना आणा." एवढं सोपं होतं. मी खोटं बोलून जे मिळवायला गेले ते खरं बोलूनही मिळालंच असतं, आणि वर घरी येता आलं असतं.

परवा वरच्या खोलीत दार लावून डबा उघडला. मेण सुरीने काढलं. झाकण निघालं. स्वेटर तोंडाशी धरला. लोकर टोचली, आणखी काही नाही. ठोंब्या, मला माहीत होतं की वास आहे, तो तिथेच आहे, माझ्या तोंडाभोवती आहे, आणि दर श्वासाला कमी होतोय. मी झाकण दाबून बंद केलं. मावशींना वर बोलावलं, एकदाच हुंगायला दिला. म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाचा आहे, चांगला आहे. त्यांनी आईला कधी पाहिलंच नाही, त्या काय सांगणार.

दुकानातल्या मेणाने डबा पुन्हा बंद केलाय आणि तुला परत पाठवते आहे. तू उघड. तक्ता सोबत आहे. जे काही येईल ते लिही, चांगलं लिहिता येत नाही वगैरे सांगू नकोस. दोषही लिही, दोष लपवायचा नसतो. मला तेवढंच मिळेल.

ताई


१९ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

डबा सोमवारी आला. दोन दिवस उघडला नाही, धीर झाला नाही. बुधवारी दुपारी दुकान बंद केलं, हात तीनदा धुतले आणि उघडला.

रंग: तपकिरी, कोपरांवर फिकट. दुसरं बटण वेगळं आहे, काळं. ते मी लावलंय, मशीनने नाही, हाताने.

पहिला वास बामाचा. तो एवढा जोरात आला की मला वाटलं ती मागे उभी आहे. मी मागे वळून पाहिलं, हसू नकोस. त्याच्या पाठोपाठ लवंग, पण डब्यातल्या लवंगेसारखी कोरडी नाही, तोंडात धरून मऊ झालेली. गळ्याशी जास्त आहे.

पेला फिरवतात तसा स्वेटर काही फिरवता येत नाही. मी तो दोन हातांत धरून चोळला, गरम होईपर्यंत. मग जे आलं ते मला ओळखायला वेळ लागला. पाणी शिंपडलेल्या कापडावरून इस्त्री गेली की येतो ना, तो वास. ताई, नऊ वर्षं झाली तिने इस्त्री सोडून. आपण शाळेतून यायचो आणि ती जवळ घ्यायची तेव्हा हाच यायचा. मला वाटायचं तो धुलाईखान्याचा वास आहे. तो तिचाच होता. तुझ्या त्या ओल्या दगडाला मी हसलो होतो, ते मागे घेतो.

चवीचा रकाना सोडून दिला.

दोष: डाव्या खांद्यावर आणि पाठीवर मशीनच्या तेलाचा वास आहे. तो माझा. शेवटचे आठ-दहा दिवस तिला उठवून बसवावं लागायचं, आणि मी कामावरून तसाच उठायचो.

आता शेवटचा रकाना. तू म्हणालीस तसंच झालं. काल बाम उडालेला होता. आज सकाळी लवंग नाही, इस्त्री नाही, नुसती लोकर. मी बराच वेळ तो उलटासुलटा करत बसलो. मग उजव्या खिशाशी नाक गेलं आणि तिथे गुलाब होता. खिशात हात घातला तर तुझा कागद निघाला, २४ सप्टेंबरचा, चार घड्या घातलेला. मी डबा भरताना खिसे पाहिले नव्हते. तूही पाहिले नसशील.

मग मला आठवलं. ते पत्र आलं तेव्हा तिने नेहमीसारखं आधी हुंगलं. मी वाचून दाखवलं, तुझं नाव घेऊन म्हटलं, बघ, ताई एकदम ठणठणीत. तर म्हणाली, "हिला अजून वास येत नाहीये रे. आला असता तर हिने असला साबण हाताला लावला असता का?" नाकाचं मी तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिला ताप होता, मला वाटलं बरळतेय. मी विचारलं, तसं लिहू का ताईला? म्हणाली, नको, आपल्याला कळलं नाही असं वाटू दे तिला. थोड्या वेळाने कागद परत मागून घेतला, पुन्हा हुंगला आणि म्हणाली, "पोरीच्या अंगाला वास आला एकदाचा." नंतर तो कागद मला कुठे दिसला नाही. मी शोधलाही नाही.

तेव्हा तुझे सतरा दिवस मोजणं बंद कर. तिला सगळं ठाऊक होतं, आणि शेवटपर्यंत तू तिच्या खिशात होतीस.

शेवटी काय उरतं या रकान्यात मी गुलाब लिहिलंय. तक्ता सोबत जोडला आहे. स्वेटर पाठवत नाही, तो न्यायला तू ये. मालकांकडून रजा घे. खोलीत मी तिची जागा अजून हलवलेली नाही. निघण्याच्या दिवशी हात त्याच साबणाने धुऊन नीघ.

तुझा ठोंब्या